घरातले सर्वांत शांत वाद्य

"आमच्या घरात तीन पिढ्यांचं गाणं आहे आणि मुलगी गिटार घेऊन बसली आहे." शब्द थोडे बदलतात, कधी मुलीच्या जागी मुलगा असतो, कधी गाण्याच्या जागी तबला किंवा व्हायोलिन असते, पण हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून इतक्या आईवडिलांनी उच्चारले आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते. वाक्यामागोमाग ठरलेले प्रश्न येतात. हे वेड किती दिवस टिकेल? लहानपणापासून दिलेले शिक्षण वाया गेले का? आणि बहुधा उठता उठता, आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न येतो: आमचे काय चुकले?

ज्या घरात संगीत नाही, तिथल्या पालकांना गिटारची काळजी वाटते ती अभ्यासापायी, आणि ती बहुतेक वेळा वेळापत्रकाची नीट मांडणी केली की निवळते. संगीताच्या घरातली काळजी अशी सुटत नाही. मूल संगीताकडे वळले याचे दुःख तिथे कोणालाच नसते. ते आपल्या संगीताकडे पाठ फिरवून दुसऱ्याच कुठल्या संगीताकडे गेले, ही बोच असते. ती उघड बोलून दाखवायला या माणसांना संकोच वाटतो, कारण "सूर सगळीकडचे सारखेच" असे तीच चारचौघांत म्हणत आलेली असतात. मग तक्रार आवाजाची होते, वेळेची होते, बंद दाराची होते.

ज्या एका घराची गोष्ट मी इथे सांगणार आहे, त्या घरातल्या माणसांची नावे मी देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांच्याशी झालेल्या अनेक महिन्यांच्या भेटी इथे चार-पाच प्रसंगांत आवरल्या आहेत. आजी गायिका, वडील हार्मोनियमचे साथीदार, आई घरी गाणे शिकवणारी आणि मुलगी 15 वर्षांची. पाचव्या वर्षापासून ती गाणे शिकत होती. तेराव्या वर्षी मामेभावाने वापरून टाकून दिलेली इलेक्ट्रिक गिटार तिच्या हाती आली आणि काही आठवड्यांत तिने रियाझाला बसणे थांबवले.

पहिल्या भेटीला आईवडील दोघेच आले.

"मॅडम, तिचा गळा चांगला आहे," वडील म्हणाले. "हे मी बाप म्हणून सांगत नाही, इतकी वर्षं साथ केलेला माणूस म्हणून सांगतो."

"ती काय म्हणते?"

"काहीच म्हणत नाही. दार लावून घेते."

"आणि मग तासन्‌तास ते कर्कश..." आई मध्येच थांबल्या. "म्हणजे, खरं सांगायचं तर आवाज काही येत नाही. पण आत ती तेच करत असते."

आवाज येत नाही, हे मी वहीत टिपले. त्याचा अर्थ मात्र तेव्हा मला कळला नाही. कर्कश आवाजाची तक्रार घेऊन आलेल्या बाईंनी तो आवाज ऐकलेलाच नव्हता, एवढेच लक्षात राहिले. घरातला प्रत्येक जण एका न ऐकलेल्या आवाजाशी भांडत होता.

मुलगी एकटी भेटायला आली तेव्हा गाणे का सोडलेस, हा प्रश्न मी विचारला नाही. तो तिला घरात, नातेवाइकांत, आईच्या विद्यार्थिनींच्या घोळक्यात पुरेसा विचारून झाला होता. पहिल्या तीन भेटी आम्ही फक्त गिटारविषयी बोललो. शाळेतून "कशातच लक्ष नाही" असा शेरा घेऊन आलेली ही मुलगी पाऊण तास न थांबता बोलत होती. 1952 ची लेस पॉल आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर या दोन इलेक्ट्रिक गिटारच्या अंगांत काय फरक आहे, एकीत महोगनीवर मेपलचा थर का आहे आणि दुसरीला तारांचा कंप टिपणारे तीन पिकअप का आहेत, हे तिने मला कागदावर काढून दाखवले. आजच्या शास्त्रीय गिटारचा घाट ज्यांच्या हातून ठरला, त्या आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बांधली, ही गोष्ट तिने मला सांगितली. गिटारमध्ये गाते ती वरची फळी, बाकीचे अंग तिला सोबत करते, हे त्याला सिद्ध करायचे होते.

"तुला हे इतकं का आवडतं?" मी विचारले.

ती विचार करून म्हणाली, "मैत्रिणीकडे तिच्या दादाची साधी लाकडी गिटार होती. मी मांडीवर घेतली आणि सहाही तारा एकदम छेडल्या. मला वाजवता येत नव्हतं काहीच. पण ते इथं लागलं." तिने हात छातीच्या खाली, बरगड्यांवर ठेवला.

प्रेमात पडल्याचे इतके नेमके वर्णन मोठी माणसेही क्वचित करतात. गिटार शरीराला टेकवून वाजवायची असते. तिचा कंप कानाच्या आधी अंगाला कळतो. काहीही येत नसताना सहा तारांनी तिला भरभरून काहीतरी दिले होते, आणि त्या क्षणी तिथे ऐकणारे कोणी जाणते नव्हते. या दोन गोष्टींतली दुसरी अधिक महत्त्वाची होती, हे मला चौथ्या भेटीत समजले.

मी सहज विचारले होते, "तुझ्याकडे ॲम्प कुठला आहे?"

"नाहीये."

"आईबाबा नको म्हणाले?"

"मागितलाच नाही. मला लागत नाही."

इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव असते. तारांचा कंप चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेल्या पिकअपमध्ये विजेच्या संकेतात उतरतो आणि तो ॲम्प्लिफायरने मोठा केला तरच खोलीभर आवाज होतो. ॲम्प नसेल तर उरते ती तारांची बारीक किणकिण, जी बंद दारातून पलीकडे जात नाही. ही मुलगी दोन वर्षे असे वाजवत होती. तिच्याजवळ घरातले सर्वांत मोठा आवाज काढू शकणारे वाद्य होते, आणि ते तिने घरातले सर्वांत शांत वाद्य करून ठेवले होते.

"लागत नाही म्हणजे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरात चूक सगळ्यांना ऐकू येते."

मी काही बोलले नाही. अशा वाक्यानंतर समुपदेशकाने जागा सोडायची असते, हे मला माझ्या शिक्षकांनी शिकवले आणि पुढे अनुभवाने पक्के केले.

"मी पलटे म्हणत असले की आतल्या खोलीतून आई सांगते, निषाद उतरला. बाबा जिना चढत असतात, तिथूनच बरोबर सूर गुणगुणतात. आजी काही बोलत नाही, फक्त 'हं' म्हणते. ते सगळ्यात वाईट."

"ते रागावतात?"

"कधीच नाही. प्रेमानंच सांगतात." आणि मग, डोळ्यांत पाणी आल्यावर, "आणि ते बरोबर असतात. दर वेळी."

त्या दिवशी भेट संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. संगीताच्या घरातल्या मुलांविषयी मला जे कळले आहे, त्यातले बरेचसे या दोन वाक्यांत आले होते. कोणतीही विद्या शिकताना माणसाला काही काळ वाईट असण्याची मुभा लागते. सुरुवातीचा बेसूर आवाज, अडखळणारी बोटे, तीच ओळ चाळीस वेळा चुकवणे, हे सगळे करायला एक अशी जागा लागते की जिथे त्याची नोंद कोणी ठेवत नाही. ज्या घरात कोणाला सूर कळत नाही, तिथल्या मुलाला ही जागा आपसूक मिळते. ते चुकीचे वाजवते, घरचे टाळ्या वाजवतात. संगीताच्या घरातल्या मुलाला पहिल्या दिवसापासून जाणकार श्रोता मिळतो. बाहेरची माणसे याला भाग्य म्हणतात आणि ते भाग्य आहेही. पण त्याची किंमत मूल मोजत असते आणि ती कोणाला दिसत नाही, कारण त्या घरात कोणी मारत नाही, ओरडत नाही, सक्ती करत नाही. घरातला एकही सूर सुटत नाही, एवढेच.

मग मूल काय करते? घरातल्या कोणालाच जे येत नाही, असे वाद्य शोधते. गिटार यासाठी फार सोयीची आहे. तिची बोटांची भाषा वेगळी, तिच्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले अनेक स्वर, असतात, तिचे जाणकार घराबाहेर असतात. त्या मुलीने गाणे नाकारले नव्हते. नवशिकी असण्याचा हक्क तिला हवा होता, आणि तो मिळवायला तिला वाद्य बदलावे लागले.

माझ्या विचाराची बैठक मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या कुटुंबविषयक मांडणीवर तयार झाली आहे, हे इथे सांगून टाकते. एका माणसाची अडचण मी त्या एकट्या माणसाची मानत नाही. घरातल्या नात्यांच्या विणीत ती कुठे बसली आहे, ते पाहते. आपल्या माणसांशी जोडलेले राहून स्वतंत्र होता येणे, ही बोवेन यांच्या दृष्टीने मोठे होण्याची खूण आहे. दार लावून घेणे आणि मुकाट्याने ऐकत राहणे हे दोन्ही, वरवर उलटे दिसले तरी, एकाच अडचणीचे प्रकार आहेत. याला जोडून मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांचे 1966 मधले एक निरीक्षण मला फार उपयोगी पडते: काही तरुण आपण कोण हे स्वतः न शोधता घरातून आयते स्वीकारतात, आणि बाहेरून ते अतिशय स्थिर दिसतात. संगीताच्या घरात अशा आयत्या ओळखीचे कौतुकच होते. म्हणून जे मूल पंधराव्या वर्षी थोडे इकडेतिकडे भटकते, त्याच्याविषयी मला मनातून कमी काळजी वाटते. पालकांना हे पहिल्या भेटीत सांगून उपयोग नसतो, म्हणून मी सांगत नाही.

त्यानंतर मी आजींसह सगळ्यांना एकत्र बोलावले. मुलीला गिटार आणायला सांगितले, ॲम्पशिवाय. मोठ्यांना अट एकच घातली: दहा मिनिटे ती हवे ते वाजवेल, आणि तेवढा वेळ कोणी काही बोलायचे नाही, मान डोलवायची नाही, हाताने ताल धरायचा नाही. ही अट ऐकून वडील हसले. पण ती पाळताना त्यांना किती कष्ट पडत होते, ते मांडीवर दाबून धरलेल्या तळव्यांवरून दिसत होते.

ती वाजवू लागली. आवाज इतका बारीक होता की, पंखा बंद करावा लागला. दोनेक मिनिटांनी आजींनी आपली खुर्ची पुढे ओढली, मग आणखी पुढे. नातीच्या वाद्याचा ज्यांना त्रास होत होता असे दोन वर्षे सांगितले जात होते, ती माणसे आता तो आवाज ऐकू यावा म्हणून तिच्याकडे झुकून बसली होती. मी गाणे शिकलेली नाही, त्यामुळे ती काय वाजवत होती ते मला सांगता येणार नाही. एका स्वरावर ती पुन्हा पुन्हा येत होती आणि दर वेळी गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी, जिला पडदा म्हणतात, तार बोटाने वर ओढून थांबत होती, एवढे दिसले.

दहा मिनिटे झाली. तरीही कोणी बोलेना. शेवटी आजींनी विचारले, "तो गंधार कुठून घेतेस गं?"

"कोमल गंधाराच्या पडद्यावरून. तिथून ओढते."

"शुद्धाचा पडदा आहे की पुढं."

"तो चढा लागतो, आजी."

"कोणी सांगितलं?" वडिलांनी एकदम विचारले.

"कोणी नाही." ती गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "तंबोऱ्यात तसा येत नाही ना."

वडिलांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आईंनी माझ्याकडे पाहिले. खोलीत काहीतरी मोठे घडले आहे हे मला कळले. नेमके काय, ते पुढच्या भेटीत वडिलांनी समजावून सांगितले आणि मी नंतर वाचून घेतले. जुळवलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून एक गंधार आपोआप उमटतो, ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे तिच्या मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर असतो. गिटारचे पडदे मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, आणि त्या वाटणीत गंधार नैसर्गिक जागेपेक्षा चढा पडतो. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले, तर षड्जापासून तंबोऱ्याचा गंधार सुमारे 386 वर आणि गिटारचा 400 वर येतो. फरक 14 भागांचा. बोटाने तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून ही मुलगी एक पडदा मागून निघत होती आणि कोणी न सांगता, कोणाला ऐकू न जाता, तार बरोबर त्या जागेपर्यंत नेत होती, जी तिने पाळण्यात असल्यापासून आजीच्या तंबोऱ्यात ऐकली होती. दाराआड बसून तिने घराचा कान सांभाळला होता.

शिक्षण वाया गेले का, या प्रश्नाचे उत्तर मी देण्याची गरज राहिली नाही.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट झाली. वडील म्हणाले, "पण आई, शेवटी ते बाहेरचं वाद्य." त्यावर आजी शांतपणे म्हणाल्या, "पेटीला बाहेरची म्हणणारे आपल्याच बैठकीत बसून गेलेत. तुझे बाबा ते ऐकून घ्यायचे." हार्मोनियमचे एकस्व (पेटंट) अलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिसमध्ये 1842 मध्ये घेतले, आणि तोरेस यांची गिटारही त्याच शतकाच्या मध्यातली. म्हणजे या घराचे जुने वाद्य आणि नवे वाद्य जवळजवळ एका वयाची आहेत. 1940 मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा एक प्रमुख आक्षेप असा होता की तिचे स्वर बांधलेले आहेत, तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे, नाही. आपल्या पेटीला जे 'बाहेरची' म्हणून ऐकावे लागले, तेच वडील आता मुलीच्या गिटारला म्हणत होते, आणि हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आले. घरातली नाराजी पिढी बदलताना फक्त वाद्य बदलते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पण ते त्या माणसाला त्याच्याच आईच्या तोंडून समजावे, असा योग क्वचित येतो.

अशा पालकांना मी काय सांगते, ते आता लिहिते.

दिवसातला एक तास असा ठरवा की, ज्यात मूल जे वाजवेल त्यावर घरातले कोणी काही बोलणार नाही. चूकही दाखवायची नाही आणि कौतुकही करायचे नाही, कारण जाणकाराचे कौतुक हीसुद्धा परीक्षाच असते. हे ऐकायला सोपे वाटते. या घरातल्या आईंनी पहिल्या आठवड्यानंतर मला सांगितले की, ओठ दातांखाली धरून बसावे लागले. पुढे हळूहळू विचारण्याचा प्रश्नही बदला. "किती वेळ वाजवलंस?" हा हिशेबाचा प्रश्न आहे. "आज काय सापडलं?" असे विचारले तर मूल दाखवायला येते.

"आधी रियाझ, मग गिटार" ही अट घालू नका. दोन आवडत्या गोष्टींपैकी एक दुसरीची किंमत झाली की, जी किंमत म्हणून मोजावी लागते तिच्याविषयी मूल राग धरते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी अंतःप्रेरणेचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत: आपण स्वतः निवडले असे वाटणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि आपल्या माणसांशी धागा असणे. संगीताच्या घरात तिसरी गरज भरपूर भागते, दुसरी सतत मोजली जाते आणि पहिली बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

घरातल्या संगीतकाराने गिटारचा गुरू होऊ नये. स्वरज्ञान आहे म्हणून कॉर्ड समजावून सांगायचा मोह होतो, तो आवरावा. बाहेरचा शिक्षक शोधताना मोठ्या नावाच्या मागे लागू नये. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, गणितज्ञ अशा 120 असामान्य व्यक्तींच्या जडणघडणीचा अभ्यास करून तो 1985 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुतेकांचे पहिले शिक्षक फारसे नामांकित नव्हते, पण प्रेमळ होते आणि त्यांनी गोडी लावली. कठोर आणि निष्णात गुरू नंतर आले. संगीताच्या घरात हा क्रम बहुधा उलटतो.

वाद्याकडेही थोडे लक्ष द्या. पोलादी तारांच्या लाकडी गिटारवर सहा तारांचा एकूण ताण साधारण 70 किलोंच्या आसपास असतो, नायलॉन तारांच्या गिटारवर 40 च्या आसपास. पडद्यांपासून तारा फार उंच असतील तर नवशिक्याची बोटे सोलवटतात आणि चिकाटी कमी आहे असा शिक्का त्याच्यावर बसतो. जाणत्या माणसाकडून तारांची उंची नीट करून घेतली की निम्मे दुखणे जाते. बाकीचे, बोटांची टोके काही आठवड्यांत टणक होतात तेव्हा जाते.

हे वेड टिकेल का, हे कसे ओळखायचे? पहिल्या तीन महिन्यांचा उत्साह पाहून काहीच ठरवू नका. एफ कॉर्डपाशी काय होते ते पाहा. तिथे तर्जनी आडवी टाकून पहिल्या पडद्यावरच्या सहाही तारा दाबाव्या लागतात आणि कित्येक आठवडे त्यातून नीट आवाज निघत नाही. जे मूल कोणी न सांगता त्या खडखडाटाकडे रोज परत जाते, त्याच्या आवडीला मुळे आहेत. मात्र आवड खोल आहे म्हणजे ती निरोगीच आहे, असे नाही. रॉबर्ट व्हॅलरँड यांनी 2003 मध्ये यातला भेद चांगला दाखवला आहे: एक आवड आयुष्यात इतर गोष्टींबरोबर नांदते, दुसरी त्यांना गिळते. झोप, मैत्री, शाळा टिकून आहेत का आणि वाद्य खाली ठेवता येते का, हे पाहावे. ते येत नसेल तर वाद्य हिसकावून घेऊ नका. ते कशापासून आडोसा देते आहे, ते शोधा.

पालक मला उदाहरणे मागतात. गिटारवर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरा यांचे उदाहरण देता येते. त्यांचे बंधू सरोद वाजवत, त्यांनी स्वतः गिटार धरली आणि 1967 मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघर पोहोचवली. तरी हे उदाहरण मी सहसा देत नाही. कारण ते ऐकून पालकांचा चेहरा उजळतो आणि मुलावर नवी अट बसते: गिटार वाजव, पण तिच्यावर आपलेच संगीत वाजव. मुलाला नुसती गाणी वाजवायची असतील, मित्रांबरोबर रॉक वाजवायचे असेल, तर तेही पुरे समजले पाहिजे. आणि मूल संगीतच सोडून चित्रे काढू लागले, तर तेही.

ती पुन्हा गायला बसेल का, असे आईंनी मला दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी आश्वासन दिले नाही. मुलीने सातव्या महिन्यात आपणहून ॲम्प मागितला, एवढे मी सांगू शकते. माझ्या दृष्टीने तेच या कामाचे यश होते. जिला घरातल्यांनी ऐकू नये असे वाटत होते, तिला आता त्यांनी ऐकायला हवे होते.

शेवटच्या भेटीत आईंनी एक गोष्ट सांगितली. संध्याकाळी आजी गात असताना नात कधी कधी गिटार घेऊन शेजारी बसू लागली होती. आजींचा स्वर अनेक वर्षे काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीचा होता, त्यामुळे नात चौथ्या पडद्यावर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून बसे. वयाने आजींचा आवाज हल्ली वर जाईना. घरात हे सगळ्यांना कळत होते, पण त्यांना तसे सांगायला कोणाची जीभ उचलत नव्हती. त्या दिवशी आजी वरच्या षड्जाला दोनदा अडल्या आणि थांबल्या. मुलगी काही बोलली नाही. तिने कापो काढून दुसऱ्या पडद्यावर लावला, काळी तीनचा षड्ज हलकेच छेडला आणि तंबोरा त्या स्वराला उतरवून घेण्यासाठी बाबांकडे सरकवला.